कारखाना म्हणतो तक्रार नको, करार करू. गावानं सही करावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. केळीपट्ट्यातलं तुमचं गाव, शिवेवर सरकीचं तेल शुद्ध करणारा कारखाना. हंगामात त्याचं आंबूस वासाचं तपकिरी पाणी नाल्यात येतं. नाल्याकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ झालंय आणि दोघा-तिघांच्या पिलबागेची (पहिल्या घडानंतर पिलांवर धरलेल्या केळीची) पानं कडेनं करपतायत. गावानं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायचं ठरवलं, तेव्हा कारखान्याचा निरोप आला: तक्रार करू नका, आपण सामंजस्य करार करू, दोन वर्षांत प्रक्रिया यंत्रणा बसवतो आणि गावाला पाण्याची टाकी बांधून देतो. सरपंच सही करायला तयार आहेत, तरुण मंडळी नको म्हणतायत, आणि तुम्ही विचारताय की असे राजीखुशीचे करार खरंच पाळले जातात का.

भाऊ, माझं काम सांडपाण्याचं. तेलगिरण्या, डाळमिल, दूध शीतकरण केंद्रं यांच्या प्रक्रिया यंत्रणा उभ्या करण्यात आणि चालवून दाखवण्यात माझी बरीच वर्षं गेली. कारखाना आणि गाव यांच्या बैठकींना मी कधी या बाजूनं बसलो, कधी त्या बाजूनं. त्या अनुभवावरून सांगतो: करार मोडला तर दुसऱ्या दिवशी काय होणार हे दोन्ही बाजूंना आधीपासून पक्कं ठाऊक असतं, तिथं करार पाळले जातात. मोडला तर काहीच होणार नाही असं असेल, तर पहिला हंगाम नीट जातो आणि दुसऱ्या हंगामापासून नाला पुन्हा तपकिरी होतो. मालकाचा स्वभाव, त्याच्यावरचं कर्ज, यंत्रणा मुळातच नाही की आहे पण विजेच्या बिलापायी बंद ठेवतात, या सगळ्याचा फरक पडतो. तो तुम्हाला जागेवरच तपासावा लागेल. पण कराराचा मसुदा हातात आल्यावर पहिली गोष्ट कुठली बघायची, ते ठरलेलं आहे.

ती अशी: या कागदात देणं कोणतं आणि सवलत कोणती? 1974 च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे मंडळाच्या संमतीपत्राशिवाय कारखाना चालवता येत नाही, आणि सोडायच्या पाण्याची प्रत त्या संमतीपत्रात लिहिलेली असते. 1986 च्या पर्यावरण नियमांतली सर्वसाधारण मानकं बघा. नाल्यात सोडायचं पाणी असेल तर सामू (पीएच) 5.5 ते 9 च्या दरम्यान हवा, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू ओढतात तो, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत, तेल आणि ग्रीस 10 मिलिग्रॅमच्या आत. तेल शुद्धीकरणाचं कच्चं सांडपाणी या आकड्यांच्या जवळपासही नसतं. म्हणजे प्रक्रिया न करता ते नाल्यात सोडणं आजच बेकायदा आहे. ‘दोन वर्षांत यंत्रणा बसवू’ या वाक्याचा सरळ अर्थ ‘दोन वर्षं कायदा मोडायला गावानं संमती द्यावी’ असा होतो. ती संमती देण्याचा अधिकार ना सरपंचांना आहे, ना ग्रामसभेला. नाल्याच्या खालच्या अंगाला आणखी गावं आहेत आणि पुढे तापी आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. राजीखुशीच्या करारांचा आपल्याकडचा अनुभव वाईट आहे असं मुळीच नाही. आपल्या खान्देशात तर त्याची उत्तम परंपरा आहे. पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवरची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा गावांनी बांधलेला, पाट गावांनी खोदलेला. थळाचे, म्हणजे बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या शिवाराचे, फड (भाग) पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचं. यंदा ऊस कुठल्या फडात, भुसार कुठल्या फडात, हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. सरकारी निरीक्षक नसताना ही शिस्त टिकली, कारण कुणी रात्री पाटाचं बारं (पाणी सोडायचं तोंड) फोडलं तर सकाळी शेजाऱ्याला ते दिसायचं आणि पंच त्याचं पाणी अडवू शकायचे. एकाच पाटावर सगळ्यांचं पोट होतं. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं वाहतं पाणी बदललं, शेतोशेत विहिरी झाल्या. ज्याच्याकडे स्वतःची विहीर आली त्याला पंचांची गरज उरली नाही, आणि बरेच फड विस्कटले. माणसं काही वाईट झाली नव्हती. करारातून बाहेर पडायला वाट मिळाली, एवढंच झालं.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा तुम्हाला माहीत असेल. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, ती तिथल्या कामासाठी. गावानं ठरवून 400 हेक्टरांहून अधिक जंगल राखलं. त्यातही नुसती शपथ नव्हती. तोडीवर दंड होता, राखणीची पाळी होती, आणि नियम करणाऱ्याच्याच घरात चुलीला सरपण लागत होतं. ज्याला झळ पोचते, जो नियम करतो आणि जो पहारा देतो तो एकच माणूस असला की करार जिवंत राहतो.

तुमच्या गावाचं आणि कारखान्याचं नातं तसं नाही. नाला खराब झाला म्हणून कारखान्याचं एक पोतंही अडत नाही. झळ एकाला आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी वाटणी आहे. ती असेपर्यंत फडाचा किंवा बारीपाड्याचा दाखला देऊन ‘आपण सामोपचारानं घेऊ’ असं कुणी म्हणालं तर त्याला हा फरक दाखवा.

उद्योगांशी झालेल्या मोठ्या करारांची गोष्टही याला धरूनच आहे. युरोपातल्या मोटार कंपन्यांच्या संघटनेनं 1998 मध्ये वचन दिलं की नव्या गाड्यांमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड 2008 पर्यंत सरासरी किलोमीटरला 140 ग्रॅमवर आणू. ते पुरं झालं नाही. शेवटी 2009 मध्ये युरोपीय संघानं बंधनकारक नियम केला, न पाळणाऱ्याला दंड ठेवला, आणि मग आकडे झपाट्यानं खाली आले. अमेरिकेत 1991 मध्ये 17 विषारी रसायनांसाठी स्वेच्छा कार्यक्रम निघाला: 1988 च्या तुलनेत 1992 पर्यंत 33 टक्के घट आणि 1995 पर्यंत 50 टक्के. उद्दिष्ट वर्षभर आधीच गाठलं गेलं. पण त्यातली काही रसायनं ओझोनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे तशीही बंद होणार होती, आणि कार्यक्रमात सही न केलेल्या कारखान्यांनीही घट दाखवली होती. म्हणून उद्दिष्ट गाठलं हे ऐकून थांबायचं नाही. करार नसता तर काय झालं असतं, हे विचारायचं. श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना, तिनं 2003 मध्ये अशा योजनांचा आढावा घेतला तेव्हा हेच दिसलं. उद्दिष्टं बहुतेक ठिकाणी गाठली जातात, पण एरवी झालं असतं त्यापेक्षा वेगळं काही घडल्याची उदाहरणं थोडी.

आपल्याकडेही 2003 च्या मार्चमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी 17 प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांबरोबर एक सनद केली होती. कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊ, असं उद्योगांनी त्यात मान्य केलं. साखर, आसवन्या, सिमेंट, औष्णिक वीज, सगळे त्यात होते. कामं झाली, नाही असं नाही. पण 2014 मध्ये याच 17 प्रकारांच्या उद्योगांना सांडपाण्याचं आणि धुराचं मोजमाप सतत, ऑनलाइन दाखवायची सक्ती मंडळाला करावीच लागली.

उलट उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. जपानमध्ये 1964 साली योकोहामा शहरानं एका औष्णिक वीज प्रकल्पाशी प्रदूषणाबाबत करार केला. देशाचा कायदा त्या वेळी ढिला होता आणि शहराच्या अटी त्याहून कडक होत्या. कंपनीनं त्या मानल्या, कारण प्रकल्पाच्या जमिनीच्या हस्तांतरणाला शहराची संमती लागत होती. पुढे जपानभर नगरपालिकांनी असे करार केले. डेन्मार्कनं उद्योगांवर कार्बनचा कर बसवला आणि 1996 पासून ऊर्जा बचतीचा करार करणाऱ्याला करात सूट दिली. करार मोडला की सूट गेली. दोन्हीकडे करार राजीखुशीचा, पण त्याच्यामागे जमीन किंवा कर उभा होता. खुंटा नसेल तर दावं कितीही जाड असून उपयोग नाही.

आपल्या शेजारचं सुरतही बघा. तिथं 2019 पासून कारखान्यांच्या धुरातल्या कणांवर एकूण मर्यादा घालून परवान्यांची खरेदी-विक्री सुरू केली. ही योजना स्वेच्छेची नाही. कारखान्यांकडून अनामत घेतली, मोजमापाची यंत्रं लावली, आणि ज्यांना योजनेत घेतलं त्यांचं कणप्रदूषण बाकीच्यांच्या तुलनेत 20 ते 30 टक्क्यांनी कमी झालं. नवापूरच्या पलीकडे काही तासांवरचे कारखाने आहेत ते, म्हणून ‘आपल्याकडे असलं चालत नाही’ हे मला पटत नाही.

इथवरचं थोडक्यात सांगतो. कायद्यानं देणं आहे ते करारात विकत घेऊ नका. मोजमाप गावाच्या नजरेसमोर ठेवा. मोडल्याची किंमत आधी ठरवा. आता हे तुमच्या मसुद्यात कसं उतरवायचं ते बघू. इथं मी जरा सावकाश जाणार आहे, कारण बहुतेक गावं इथंच फसतात.

आधी तुमच्या नाल्यातलं पाणी समजून घ्या. कच्चं तेल शुद्ध करताना कॉस्टिक सोडा घालतात, त्यातून साबणासारखा थर वेगळा निघतो. त्याला सोपस्टॉक म्हणतात. काही कारखाने तो तसाच साबणवाल्यांना विकतात. काही जण आवारातच गंधकाचं आम्ल घालून तो फोडतात, कारण सुट्या झालेल्या तेलाला भाव जास्त मिळतो. या दुसऱ्या कामातून जे आंबट पाणी उरतं ते सगळ्यात घातक. त्यात तेल असतं, आम्ल असतं आणि सोडियमचे क्षार असतात. नेहमीची जिवाणूंवर चालणारी ईटीपी, म्हणजे सांडपाण्याची प्रक्रिया यंत्रणा, तेल आणि बीओडी खाली आणते, पण क्षारांना ती हात लावू शकत नाही. ते जसेच्या तसे बाहेर पडतात. केळी क्षारांना फार नाजूक. आणि आपल्या काळ्या जमिनीत सोडियम साचला की जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, आणि ती परत वाटेवर आणायला जिप्सम, शेणखत, चर, निचरा असं सगळं करूनही वर्षं जातात. तुमच्या पिलबागेच्या कडा करपण्यामागे हे क्षारच असावेत असा माझा संशय आहे. विहिरीचं पाणी आणि मातीचा नमुना तपासल्याशिवाय मात्र ते ठाम धरू नका.

म्हणून करारात ‘ईटीपी बसवू’ एवढं वाक्य पुरणार नाही. आम्लाचं पाणी वेगळं काढणार का, त्याचं बाष्पीभवन कुठं आणि कसं करणार, निघालेल्या क्षाराची विल्हेवाट कुठं लावणार, हे लिहून घ्या. आणि पहिल्याच दिवसापासूनची अट घाला: यंत्रणा उभी राहीपर्यंत सोपस्टॉक आवारात फोडायचा नाही, तसाच विकायचा. यात कारखान्याचा थोडा नफा जातो, पण नाल्यातलं सगळ्यात वाईट पाणी बहुतेक लगेच थांबतं. ही अट ऐकून मालक काय म्हणतो त्यावरून तुम्हाला त्याचा हेतू बराचसा कळेल. दोन वर्षांच्या मुदतीबद्दलही सांगतो. या आकाराच्या कारखान्याची यंत्रणा बांधून, चालू करून, जिवाणू नीट रुजेपर्यंत साधारण एका हंगामाच्या अखेरीपासून पुढच्या हंगामाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ पुरतो. पैशाची अडचण खरी असू शकते. लहान कारखानदाराला बँका यंत्रणेसाठी सहज कर्ज देत नाहीत, हे मी जवळून बघितलंय. पण तशी अडचण असेल तर त्यानं उत्पादन कमी करून दिवस काढावेत. ते दिवस तुमच्या विहिरींनी का काढायचे?

यंत्रणा बसली तरी ती चालते का, हा पुढचा प्रश्न, आणि बहुतेक करार इथं मोडतात. जिवाणूंना हवा देणारा ब्लोअर रात्री बंद, तपासणीच्या दिवशी चालू, हे जुनं दुखणं आहे. त्यावर साधा उपाय आहे: ईटीपीला स्वतंत्र वीज मीटर, आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्यालाही मीटर. तिन्ही आकडे रोज वहीत लिहायचे आणि आठवड्यातून एकदा गावाच्या दोन माणसांनी आत जाऊन ती वही आणि मीटर बघायचे. उत्पादन चालू आहे पण विजेचे युनिट हललेले नाहीत, याला कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही. दोन माणसांपैकी एक नाल्याकाठचा शेतकरी असू द्या. ज्याची विहीर मचूळ झालीय तो वही नीट वाचतो. गावानं एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा) आणि सामू तपासायच्या पट्ट्या घ्याव्यात. खर्च किरकोळ आहे. ठरलेल्या विहिरींचं पाणी दर पंधरवड्याला मोजून तारखेसह नोंदवा. हे मोजमाप न्यायालयात पुरावा म्हणून चालेल असं समजू नका, कारण कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या रीतीनं, कारखान्याला सूचना देऊन आणि सील करूनच घ्यावा लागतो. पण त्या अधिकाऱ्याला कुठल्या दिवशी बोलवायचं, ते तुमची वही सांगेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाव आणि कारखाना अशा दोघांतच करार ठेवू नका. मंडळ संमतीपत्रात अटी घालतं आणि अटी पाळाव्यात म्हणून कारखान्याकडून बँक हमी घेतं, ही नेहमीची पद्धत आहे. तुमच्या करारातले टप्पे, म्हणजे आम्लाचं पाणी बंद, बांधकाम पूर्ण, यंत्रणा चालू, हे तारखांसह संमतीपत्राच्या अटी व्हावेत आणि त्यावर बँक हमी असावी, अशी मागणी दोघांनी मिळून मंडळाच्या जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी करा. कारखान्याचा हेतू खरा असेल तर त्याला यात अडचण नसावी. तो जे करणार म्हणतोय तेच तर लिहायचंय. त्यातली तारीख चुकली तर गावाला भांडत बसावं लागत नाही. हमीची रक्कम जप्त होऊ शकते, आणि मंडळाकडे उत्पादन बंद करायचे, वीज-पाणी तोडायचे आदेश देण्याचा अधिकार आहेच. कारखान्याचं सध्याचं संमतीपत्र आधी मिळवा. मंडळाच्या संकेतस्थळावर सापडलं नाही तर माहिती अधिकारात मागा. ईटीपी असण्याची अट त्यात आधीपासूनच असण्याची दाट शक्यता आहे, आणि तसं निघालं तर बैठकीतलं बोलणं पहिल्या पाच मिनिटांत बदलतं.

तक्रार न करण्याचं कलम मात्र पूर्ण काढून टाका. कुणी कायद्याकडे जाऊच नये अशी अट करार कायद्यापुढे टिकणं अवघड आहे, पण ते वकिलाकडून पक्कं करून घ्या. माझी भीती वेगळी आहे. गावची साधी माणसं सही केली म्हणून शब्द पाळतात, गप्प राहतात आणि मुदत निघून जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागायची तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळतात. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं असतात. आपल्या भागाचं खंडपीठ पुण्याला आहे. दोन वर्षं वाट बघायची असं कागदावर मान्य केलंत, तर यातलं पहिलं दार तुम्ही स्वतःच लावून घेताय. ज्यांची पिलबाग खराब झाली त्यांनी पंचनामा, माती-पाण्याचे अहवाल, फोटो आणि उत्पन्नाच्या पावत्या आत्ताच एका फाइलमध्ये ठेवाव्यात. सरपंचांच्या सहीनं त्या शेतकऱ्यांचा भरपाईचा हक्क जात नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा, आणि मसुद्यातही तसं वाक्य टाका.

टाकीबद्दल. कारखान्यानं टाकी बांधून दिली तर आनंदानं घ्या, पण वेगळ्या कागदावर. प्रदूषणाच्या करारात टाकी आली की ग्रामसभेत चर्चा टाकीच्या जागेची होते, उद्घाटनाची होते, आणि नाल्याकाठच्या तिघांचं म्हणणं मागं पडतं. टाकीचं पाणी सगळ्या गावाला आणि नाल्याचं नुकसान तिघांना, अशी फूट गावात पडू देऊ नका. तरुण मंडळी नको म्हणतायत ती बहुधा हेच ओळखून. त्यांना बाजूला सारू नका, वही आणि मीटरचं काम त्यांच्याकडेच द्या.

ग्रामसभेपूर्वी एवढं करा. नाल्याचं पाणी कारखान्याच्या वर आणि खाली, शिवाय चार-पाच विहिरींचं पाणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. सामू, टीडीएस, सोडियम, सल्फेट, क्लोराइड, तेल-ग्रीस, बीओडी आणि सीओडी (रसायनानं मोजलेली प्राणवायूची गरज) एवढं पुरे. हे पाऊस पडायच्या आत झालं पाहिजे. नाल्याला पूर आला की सगळं वाहून जातं, आणि मग जुलैतला स्वच्छ नमुना दाखवून कारखाना म्हणेल की बघा, काहीच नाही. अहवाल हातात घेऊन मालकाला बोलवा आणि सोपस्टॉक, मीटर, बँक हमी या तीन अटी त्याच्यापुढे ठेवा. तिन्ही मानल्या तर सरपंचांना सही करू द्या. बँक हमीला नाही म्हणाला तर त्याच आठवड्यात तक्रार दाखल करा आणि पोच घ्या. मसुदा तयार झाला की नावं झाकून मला दाखवा, एकेक कलम बघून सांगेन.